कोंडाजीभाऊंना काट्यावर कुणी चढवलं नाही

आमच्या डॉक्टरांकडे कुणीही आलं, तरी आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बाकीचं. पायात खिळा रुतलेला असो, कानात मळ झालेला असो, की कामावर हजर व्हायला नुसतं सर्टिफिकेट हवं असो. चप्पल काढा, पिशवी खाली ठेवा आणि काट्यावर चढा. बायका कुरकुर करतात. "आत्ताच जेवून आले हो," असं म्हणत आकड्याकडे बघायचंही टाळतात. डॉक्टर ऐकत नाहीत. मागच्या खेपेला किती होतं आणि आज किती भरलं हे मोठ्याने म्हणतात, आणि मगच नळी कानाला लावतात. आमच्या भागात त्यांना काट्याचे डॉक्टर म्हणतात, ते उगीच नाही.

मी त्यांची बायको, सुवर्णा. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची मला सवय, आणि निवृत्त झाल्यावर घरात चुका काढायला एकच माणूस उरला. त्यांचं नाव कारभारी आहेर. देवळा तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातला थोरला मुलगा, भावकीतला पहिला डॉक्टर. त्यांनी शहरात मोठं हॉस्पिटल काढावं असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी काय केलं, तर जेल रोड सोडून एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे निघालं की लागणाऱ्या रस्त्यावर दुमजली घर बांधलं. खाली दवाखाना, वर आम्ही. केंद्रातले कामगार, आसपासच्या गावांतले लोक, त्यांच्या सुना, त्यांची नातवंडं, असं करत करत त्यांनी एकेका घरातल्या तीन तीन पिढ्यांच्या जिभा बघितल्या. माणूस कामाचा आहे, हे मी भांडतानासुद्धा कबूल करते.

पण आमच्या घराला एक खोड लागली होती. परके लोक नंबर लावून बाकावर बसायचे. जे आपले झाले, ते नंबर लावायचे नाहीत. आपल्या माणसाने बाकावर बसणं म्हणजे नात्याला कमीपणा, अशी इथली समजूत. ते गेटशी उभे राहायचे, वर गॅलरीकडे बघायचे आणि मला हाक मारायचे, "वहिनी, दादांना विचारा ना, कंबरेला कुठली गोळी घेऊ?" मी आत जाऊन विचारायची, डॉक्टर पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, आणि मी गॅलरीतून ते खाली पोचवायची. लग्नाच्या पंगतीत, बाजारात भाजी घेताना, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा लोक त्यांच्यापुढे मनगट धरायचे. डॉक्टरांना ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, आपण सगळ्यांचे आहोत याचा त्यांना अभिमान होता आणि मलाही.

सगळ्यांत जवळचे म्हणजे कोंडाजीभाऊ धनवटे आणि त्यांची बायको शकुबाई. मागच्याच गल्लीत राहायचे. कोंडाजीभाऊ वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या नखांच्या कडा काळ्याच राहिल्या. डॉक्टरांना अरे-तुरे करणारा सबंध नाशकात तो एकच माणूस. रोज सकाळी दोघे गोदावरीकाठी दसकच्या घाटापर्यंत चालत जायचे आणि परत येताना टपरीवर चहा प्यायचे. शकुबाई डॉक्टरांना दादा म्हणायची. डॉक्टरांची सख्खी बहीण सुरतेला, तिचं येणं होत नाही. म्हणून भाऊबीजेला शकुबाई ओवाळायची, आणि ओवाळणी कमी पडली असं म्हणून दर वर्षी भांडायची. ती दोघं आमच्या दवाखान्याच्या बाकावर कधी बसली नाहीत. बसली असती तर मीच रागावले असते.

मागच्या दिवाळीनंतर संजना आली. डॉक्टर संजना पगारे. एमबीबीएस झालेली पोरगी, आता फॅमिली डॉक्टर होण्याचं पुढचं शिक्षण घेत होती. तिच्या हॉस्पिटलने तिला तीन महिने आमच्या डॉक्टरांच्या शेजारी बसायला पाठवलं होतं. देवळाली कॅम्पहून बसने यायची, दुपारचा डबा माझ्याबरोबर वर येऊन खायची. बोलायला कमी आणि बघायला जास्त. मला अशी मुलं वर्गात आवडायची, पण त्यांची थोडी भीतीही वाटायची.

तिला शिकवताना आमच्या डॉक्टरांच्या अंगात कीर्तनकार संचारायचा. पेशंटचं पहिलं वाक्य तोडायचं नाही. सासू बोलत असेल तर बघायचं सुनेकडे. "काही नाही, सहज आलो" असं म्हणणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. पोटाला हात लावायच्या आधी आपला हात गरम करून घ्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, जेवणाच्या ताटावरसुद्धा, तेच ते वजनाचं: ज्याचं वजन न मागता उतरतंय, त्याला नुसती गोळी देऊन घरी पाठवलंस तर तू डॉक्टर नाहीस. संजना मान हलवायची. मी भाकरी वाढता वाढता म्हणायची, अहो, तिला जेवू तरी द्या, नाहीतर तिचंच उतरेल.

या सगळ्याच्या मागे जे चाललं होतं, ते मला नंतर कळलं. डॉक्टरांनीच सांगितलं, तुकड्या-तुकड्याने.

गणपतीच्या दिवसांत घाटावरून परत येताना कोंडाजीभाऊ त्यांना म्हणाले होते की मोदक घशाशी अडकला, अजून तिथेच असल्यासारखं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, तंबाखू सोडल्यापासून तू वाटेल ते खातोस, सावकाश चावून खात जा. खिशात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ते दिलं. दसऱ्याच्या सुमाराला कोंडाजीभाऊंनी पुन्हा विषय काढला, भाकरी जरा अडते म्हणून. डॉक्टरांनी गोळी बदलली. कुठे? टपरीपाशी, एका हातात चहाचा ग्लास धरून. मग दिवाळीत कोंडाजीभाऊंचं पोट उतरलेलं दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, चालण्याचा गुण आला बघ. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते दवाखान्यात शुगरच्या पेशंटना सांगायला लागले, "आमच्या कोंडाजीकडे बघा. रोज चालतो, बघा कसा हलका झालाय." लोक गल्लीतून जाताना कोंडाजीभाऊंना खरंच बघायचे.

जानेवारीत एका रविवारी कोंडाजीभाऊ सकाळी फिरून झाल्यावर डॉक्टरांबरोबर वर चहाला आले. संजनालाही मी त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं, ती आधीच येऊन बसली होती. मी भाजणीची चकली पुढे केली. त्यांनी बशी बाजूला सारली, टोस्ट घेतला, तो चहात बुडवला आणि पार विरघळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग चमच्याने ती पेज प्यायले. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारपण आलं. संजनाने मात्र विचारलं, काका, चकली आवडत नाही का?

"आवडती गं पोरी," ते म्हणाले, "पन खाली उतरत नाय. हितं बसती." त्यांनी छातीच्या मध्ये बोट ठेवलं.

तिने भाकरीचं विचारलं. ते म्हणाले, भाकरी दुधात कुस्करून, आणि आता तर शकू ती मिक्सरला फिरवून देती. कधीपासून, असं तिने विचारलं. गणपतीपासून, ते म्हणाले, आणि अगदी मोकळेपणाने पुढे म्हणाले, "डॉक्टरला माहीत हाय की सगळं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला तो बशीत पडला नाही, बशीच्या कडेवर पडला आणि चहा सतरंजीवर सांडला. ते कोंडाजीभाऊंच्या गळ्याकडे बघत होते. शर्टाची कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी जागा झाली होती. ती जागा त्या दिवशी झालेली नव्हती. रोज सकाळी तासभर त्या मानेशेजारून चाललेला माणूस ती पहिल्यांदा बघत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी माझ्या बैठकीच्या खोलीत बघितला.

रविवार असून त्यांनी दवाखान्याचं शटर उघडलं. कोंडाजीभाऊंना काट्यावर उभं केलं. छप्पन किलो. आणि डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघालं, "मागच्या खेपेला..." आणि पुढे काही येईना, कारण मागची खेपच नव्हती. ज्या काट्यावर त्यांनी अख्खा परिसर तोलला होता, त्यावर त्यांचा मित्र एकदाही उभा राहिला नव्हता. कोंडाजीभाऊंनीच आठवून सांगितलं, केंद्रात मेडिकल व्हायचं तेव्हा बहात्तर भरायचो. संजना खाली मान घालून उभी होती. तिच्या सरांकडे बघायला लागू नये म्हणून, असं मला वाटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीने तपासणी, मग तुकडा काढून पाठवला, मग स्कॅन. अन्ननलिकेचा कॅन्सर होता, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. नळीत जाळी बसवली म्हणजे पातळ पदार्थ तरी उतरतील, आणि केमोने जमेल तेवढे दिवस मिळतील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आमचे डॉक्टर सगळं ऐकून मान हलवत होते. घरी आल्यावर त्यांनी मला एकच सांगितलं, की गणपतीत हे सापडलं असतं तर कदाचित ऑपरेशन झालं असतं. त्यानंतर ते कितीतरी वेळ मोरीत हात धूत राहिले.

आणि इकडे शकुबाई देव भेटावा तसं डॉक्टरांचं कौतुक करत होती. तिचा मुलगा राकेश सिन्नरच्या कारखान्यात आहे, तो आला तेव्हा तिने त्याला डॉक्टरांच्या पाया पडायला लावलं. "दादा व्हते म्हनून कळलं तरी," असं ती येईल त्याला सांगायची. "रविवारचा दवाखाना उघडला त्यांनी. कोण करतं आजकाल?" डॉक्टर तिथे असले तर उठून बाहेर जायचे. बाहेर गेले की ती म्हणायची, बघा, स्तुतीसुद्धा सहन होत नाही, असा साधा माणूस.

अपराधी माणूस फार सेवा करतो, हे मी त्या महिन्यांत शिकले. प्रत्येक केमोला गाडी घेऊन डॉक्टर स्वतः जायचे. औषधं, ज्यूसर, उशाला उंच करायची गादी, सगळं आमच्याकडून. मुगाचं पाणी मी करून द्यायची, तेही दिवसातून दोन वेळा, आणि ते नेऊन द्यायला डॉक्टर स्वतः निघायचे. मी एकदा चिडून म्हणाले, अहो, एवढं करता, ते प्रेमाने करता की दंड भरता? त्यांनी डबा हातात घेतला आणि जिना उतरून गेले.

डॉक्टरांना आपली चूक त्या दोघांना सांगून टाकायची होती. रात्री कूस बदलत राहायचे आणि मग म्हणायचे, सांगतो उद्या. मी नको म्हणायची. माझं म्हणणं सरळ होतं: तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला शकुबाईच्या डोक्यावर कशाला ठेवता? तिचा माणूस चाललाय, तिला टेकायला तुमच्यावरचा विश्वास आहे, तोही काढून घेता? संजना तिचे तीन महिने संपले तरी अधूनमधून यायची. तिला डॉक्टरांनी विचारलं, तर ती एवढंच म्हणाली की सर, तुम्हीच शिकवलंय, पेशंटला त्याच्या आजाराचं खरं कळायचा हक्क असतो. मला तिचा राग आला. शिकवलेलं असं तोंडावर परत आलेलं कुणाला आवडतं?

शेवटी चैत्रात एका दुपारी त्यांनी कोंडाजीभाऊंना सांगितलं. मी डबा घेऊन बरोबर गेले होते, शकुबाई दळण आणायला गिरणीत गेली होती. कोंडाजीभाऊ उंच गादीला टेकून बसले होते. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ज्या स्वरात ते पेशंटना रिपोर्ट सांगतात, त्याच स्वरात सगळं क्रमाने सांगितलं. गणपतीत तू काय म्हणालास, मी काय म्हणालो. घास अडकतो म्हटल्यावर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तपासतो, मी तपासलं नाही. तू वाळत होतास आणि मी तुझं कौतुक केलं.

कोंडाजीभाऊंनी खिडकीबाहेर केंद्राच्या चिमण्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "दवाखान्यात आलो आसतो तर तू काट्यावर चढवलं आसतं. मला ठावूक व्हतं ना ते. माझ्या बापालाबी आसंच घशाशी बसायचं, त्यातच गेला. म्हनून तर घाटावर इचारलं. घाटावर तू डॉक्टर नसायचा."

डॉक्टर म्हणाले, "मग मी कोण होतो रे?"

"दोस्त," कोंडाजीभाऊ म्हणाले. "दोस्त म्हनतो, काय नाय, पित्त हाय. मला तेच पायजेल व्हतं."

घरी येताना मला हायसं वाटलं. मी म्हणाले, झालं ना? त्यांनीच तुम्हाला मोकळं केलं. डॉक्टर रस्त्यात थांबले. म्हणाले, "कसलं मोकळं? तो गणपतीपासून घाबरलेला होता, सुवर्णा. मी रोज त्याच्या शेजारून चालत होतो, आणि मला दिसलं नाही." मग ते चालायला लागले.

आषाढात कोंडाजीभाऊ गेले. दहावा दसकच्या घाटावरच झाला, जिथपर्यंत ते दोघे रोज चालत जायचे. राकेशने भटजींच्या देखत सगळ्यांना सांगितलं की आमच्या वडिलांसाठी आहेर डॉक्टरांनी जे केलं ते भावाने भावासाठी केलं नसतं. लोकांनी डॉक्टरांकडे आदराने बघितलं. डॉक्टर पाण्याकडे बघत उभे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या दिवशी त्यांच्या मनात चांदणं नव्हतं, लख्ख ऊन होतं, आणि लपायला जागा नव्हती. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी रडतेय, आणि मी रडतच होते, पण डॉक्टरांसाठी.

श्रावणात संजना निरोप घेऊन आली. फॅमिली डॉक्टर होऊ घातलेल्या चाळीसेक तरुण डॉक्टरांचा मेळावा होता, कॉलेज रोडला एका हॉलमध्ये, आणि अनुभवी डॉक्टर म्हणून आहेर सरांनी त्यांना सल्ला द्यावा असं तिच्या शिक्षकांनी सुचवलं होतं. मला आनंद झाला. म्हटलं, जरा मन रमेल. डॉक्टर दोन दिवस कागद-पेन घेऊन बसले. मी डोकावले तर पहिलं वाक्य तोडू नका, हात गरम करा, तीच सगळी कीर्तनं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद चुरगळून टाकला.

म्हणाले, "त्या पोरांना सांगण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट आहे. बाकी पुस्तकात आहे."

मी म्हणाले, मग सांगा, नाव घेऊ नका म्हणजे झालं.

"चाळीस अनोळखी पोरांना सांगायचं," ते म्हणाले, "आणि शकूला नाही? तिच्या नवऱ्याचा धडा करून शिकवायचा आणि तिला तो माहीत नाही?"

जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी. तरी मी भांडले. म्हटलं, ती तुम्हाला तोडेल. तुमची बहीण जाईल. त्यांनी मान डोलावली, जणू कुणी औषधाचा दुष्परिणाम सांगितला आणि त्यांना तो आधीच माहीत होता. संध्याकाळी आम्ही दोघे गेलो.

शकुबाई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून तिने सूप बाजूला केलं, चहा टाकते म्हणाली. डॉक्टर म्हणाले, चहा नको, बस. आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. कोंडाजीभाऊ जे म्हणाले होते, ते मात्र सांगितलं नाही. बापाला तसंच व्हायचं, मुद्दाम घाटावर विचारलं, यातलं काहीही नाही. ते सांगितलं असतं तर त्यांचा अर्धा दोष उतरला असता. माझ्या जिभेवर ते येत होतं, पण त्यांनी माझ्याकडे एकदाच असं बघितलं की मी ओठ मिटून घेतले.

शकुबाईने विचारलं, "तवाच बघितलं आसतं तर वाचले आसते?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित."

तिने सुपातल्या तांदळात हात घातला. "मी रोज मिक्सर लावायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, दादाला माहीत हाय." एवढंच. मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

मेळाव्यात डॉक्टर पंधराच मिनिटं बोलले. मी मागे बसले होते. नाव न घेता त्यांनी सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "जो तुम्हाला रस्त्यात विचारेल, त्याला रस्त्यात उत्तर देऊ नका. हात धरून दवाखान्यात आणा, नंबर लावायला लावा. आपला माणूस असेल तर त्याला राग येईल. येऊ द्या." मुलांनी टाळ्या वाजवल्या; डॉक्टरांनी त्या नकोत असा हात केला. शाल आणि नारळ मिळाला. नारळाची मी चटणी केली. शाल गाडीच्या मागच्या सीटवर अजून तशीच पडलेली आहे.

तेव्हापासून आमचं गेट गप्प झालं. कुणी खालून हाक मारली तर मीच सांगते, आत या, नंबर घ्या. लोक नाराज होतात. डॉक्टरीण शिष्ट झाली असंही म्हणतात म्हणे. पण बरेचसे येतात.

शकुबाई मात्र दोन महिने आमच्या गल्लीतून गेलीच नाही. किराण्याला लांबच्या रस्त्याने जायची. यंदा त्यांच्याकडे सण नाही, त्यामुळे भाऊबीजेचं काय, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. त्यांनीही काढला नाही. पण दिवाळी तोंडावर आली तसे ते संध्याकाळी गॅलरीत उगाच उभे राहायला लागले.

मागच्या आठवड्यात मी कपडे वाळत घालत होते. खाली बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात शकुबाई. हातात नंबरचा बिल्ला. माझी हाक ओठांपर्यंत आली. तिने वर बघितलं, मला बघितलं, आणि पुन्हा समोर बघायला लागली. मग मी कपडे तसेच टाकून जिन्यात जाऊन उभी राहिले. तिथून दवाखान्याच्या आतलं ऐकू येतं. ही माझी जुनी वाईट सवय.

तिचा नंबर आला. कुणी काही म्हणायच्या आत तिने चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी आकडा म्हटला, हलक्या आवाजात. मागच्या खेपेला किती होतं हे म्हणाले नाहीत.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "गुडघे लय दुखत्यात."

त्यांनी तिला बराच वेळ तपासलं. बाहेरच्या बायका चुळबुळायला लागल्या तरी तपासत होते. ती गेल्यावर त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला नाही, जिना चढून वर आले आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभे राहिले.

"तिचं ब्लडप्रेशर खूप वाढलंय," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांचं असणार. इतक्या वर्षांत मी तिला कधी पट्टा बांधलाच नव्हता."

मी विचारलं, पुन्हा कधी बोलावलंय? ते म्हणाले, दर आठवड्याला. मी म्हणाले, मग पुढच्या वेळी तिला वर चहाला घेऊन या.

"मी म्हटलं तिला," डॉक्टर म्हणाले. "ती म्हणाली, नको, नंबर लावूनच येईन."